राखणदाराला वाहिलेली रिळं

१

सकाळी तुकाराम कारकुनानं पाण्याच्या टाकीखालच्या खोलीचं कुलूप काढलं, आत जाऊन लाकडी खोक्याचं झाकण उचललं आणि तो उलट्या पावली बाहेर आला.

"खोकं रिकामं आहे," तो म्हणाला.

दारात उभे असलेले पुंडलिकराव नाटकवाले आधी हसले. मग त्यांनी स्वतः डोकावून पाहिलं आणि मटकन खाली बसायला गेले. पण त्यांच्या गुडघ्यांनी वाकायचं केव्हाच सोडून दिलं होतं, त्यामुळं धड बसणंही जमलं नाही. भिंतीला धरून ते उभ्याउभ्याच ओरडले, "बुडालो! अरे, बुडालो मी!"

खोक्यात सात डबे होते. प्रत्येक डबा जेवणाच्या ताटाएवढा, आणि त्यांत गुंडाळलेला होता केशरबाईंचा बर्लिनमध्ये काढलेला मूकपट. हिंदुस्थानात त्याची एवढी एकच प्रत, आणि ती पुंडलिकरावांनी मिळवलेली. काल दुपारीच बाई आणि डबे मुरगाव बंदराहून आगगाडीनं कॅसलरॉकला उतरले होते. पोर्तुगीज हद्दीतून येणारं सामान इथं जकातीच्या शेडमध्ये उघडून बघतात, तसं तेही बघितलं गेलं आणि तपासलेल्या प्रत्येक नगावर खडूची फुली पडली. फिल्म भडकन पेट घेते म्हणून स्टेशनमास्तरांनी खोकं कचेरीत येऊ दिलं नाही. ते टाकीखालच्या दगडी खोलीत गेलं. बाईंची कपड्यांची मोठी ट्रंकही त्याच्याशेजारीच ठेवली होती.

केशर मूळची दिग्गीच्या रानातली. पुंडलिकरावांच्या नाटक कंपनीत भांडी घासायला लागली आणि तिथूनच रंगमंचावर चढली. पुढं मुंबई, कोलंबो, रंगून. मग एका फिरत्या गोऱ्या कंपनीबरोबर लंडन, तिथं नाटकाचे कितीतरी हंगाम, आणि शेवटी बर्लिनमध्ये मूकपटाची नायिका. आज दुपारी मालधक्क्याच्या शेडची दारं लावून, अंधार करून तिचा पहिला खेळ फुकट दाखवायचा आणि मग गाजावाजा करत बेळगाव गाठायचं, असा पुंडलिकरावांचा बेत होता. आपल्या रानातली पोर पडद्यावर बघायला दिग्गीपासूनची माणसं जंगल तुडवत आली होती. त्यांत तिची आई पुतळीही होती.

गलबला ऐकून खानावळवाला परशूअण्णा हात पुसत आला. तो काही विचारणार, तोच रुळांपलीकडून एक हमाल बोंबलत आला.

"गावला, गावला! राखणदाराच्या दगडापाशी बसलाय! हातात फिलम हाय त्येच्या!"

२

हातात फिल्मचा तुकडा घेऊन बसलेला माणूस होता लखू, केशरचा सख्खा धाकटा भाऊ.

इंजिनाला पाणी पाजायची लोखंडी सोंड जिथं उभी आहे, तिथून पंचवीसेक पावलांवर एका किंदळाच्या झाडाखाली राखणदाराचा, म्हणजे रान राखणाऱ्या देवाचा, दगड आहे. सोंडेचं पाणी ठिबकून तिथली माती बारा महिने ओली असते. दगडापुढं नारळ, पिंजर, तांदूळ, विड्याची पानं मांडलेली होती आणि फिल्मचा हातभर तुकडा दगडावर हारासारखा घातलेला होता. तोच लखूनं उचलला होता.

बंदोबस्ताला सुप्याहून आलेला फौजदार काही मूर्ख नव्हता. त्यानं दोन-चार प्रश्न विचारले आणि त्याला जे हवं ते मिळालं.

"काल खानावळीत हा काय बोलला, सगळ्यांनी ऐकलंय," तो म्हणाला. "डब्यात माझ्या बहिणीला नाचवतात, मिळाले तर जाळून टाकतो म्हणाला. खोलीच्या मागच्या खिडकीची झडप मोडलेली आहे. आणि हा बसलाय इथं, पूजा मांडून! आणखी काय पाहिजे?"

लखूनं हातातला तुकडा पुढं केला. त्याला जकातीच्या शेडमध्ये नेऊन बसवलं.

केशर फलाटावर येरझारा घालत होती. या टोकाकडून त्या टोकाला जायची, तिथं क्षणभर थांबायची आणि पुन्हा फिरायची. अंगावर कालचंच प्रवासाचं लुगडं. फौजदारासमोर येऊन ती म्हणाली, "माझी काही तक्रार नाही. त्याला सोडा. गेले तर गेले डबे."

"तुमची नसेल बाई, माझी आहे!" पुंडलिकराव कडाडले. "फिल्म माझी आहे. तुम्ही तिच्यात नुसत्या दिसता."

त्यावर केशर वळून पुन्हा चालू लागली. फौजदार म्हणाला, जेवणं आटपली की तो लखूला घेऊन सुप्याला निघेल, डबे सापडोत न सापडोत. 

परशूअण्णा हे सगळं बाजूला उभा राहून बघत होता. एके काळी तो पुंडलिकरावांच्या कंपनीत स्त्रीपार्ट करायचा. शालू नेसून, पायांत पैंजण घालून तो रंगमंचावर आला की बेळगावच्या बायका त्याची नेसण पाहून घरी जाऊन तशीच नेसायच्या. मग एका तापात त्याचा घसा बसला तो बसलाच. तेव्हा त्याच्या जागी पुंडलिकरावांनी कुणाला उभं करावं? विंगेत बसून त्याची नक्कल करणाऱ्या या भांडेवालीला! त्या काळी केवढं धाडस ते. कंपनीनं परशूला निरोपाचा नारळ दिला, केशर जग फिरली आणि परशू कॅसलरॉकला भात-आमटी वाढायला लागला. लोकांना वाटायचं, तो हे विसरला. तो काहीएक विसरला नव्हता.

पण त्याला एक खोड होती. कुणाची कोंबडी हरवो, कुणाची छत्री जावो, ती सापडेपर्यंत परशूअण्णाला अन्न गोड लागत नसे. आणि लखू चोर नव्हता, हे त्याला आतूनच कळत होतं.

"फौजदारसाहेब," तो म्हणाला, "जेवण होईपर्यंत वेळ आहे ना? मी जरा चार जणांशी बोलतो."

फौजदार मिशीत हसला. "बोला. पण मला एक सांगा परशूअण्णा, या बाईवर तुमचा जुना राग आहे, हे खरं का?"

३

लखू शेडच्या कोपऱ्यात पोत्यावर बसला होता. परशूअण्णानं त्याच्यापुढं गूळपाण्याचा तांब्या ठेवला.

"लखू, फिल्म तुझ्या हातात कशी आली?"

"दगडावर हुती. उचललो."

"पहाटे पहाटे दगडापाशी तू काय करत होतास?"

"झोप न्हाई आली. उठून आलो."

"काल जाळतो म्हणालास."

"म्हनालो. रागात मानूस बोलतंय. बोलनाऱ्यानं केलंच पायजे आसं हाय व्हय?"

"मग ज्यानं केलं त्याला तू पाहिलंस."

लखूनं तांब्या उचलला होता, तो तसाच खाली ठेवला. "म्या काय बी बगितलं न्हाई."

"अरे, तुरुंगात जाशील!"

"जाईन." त्यानं भिंतीकडं तोंड केलं. भिंतीकडंच बघत म्हणाला, "अण्णा, माज्या आयेला सांगू नगा, म्या हितं हाय म्हून. ती खेळ बगाय आलीया. खुशीत हाय."

आता गंमत बघा. खोटं बोलणारा माणूस चार गोष्टी जास्त सांगतो. हा एक गोष्ट कमी सांगत होता. परशूअण्णा तिथून उठला तो तुकाराम कारकुनाकडं गेला.

"किल्ली रात्रभर कुठं होती?"

"माझ्या कनवटीला. जानव्याची शपथ."

"आणि पहाटे?"

"पहाटे बाईसाहेबांनी मागितली होती. आईला भेटायला जायचं, कपडे काढायचेत म्हणाल्या. मी दिव्यानं वाट दाखवली, त्या आत गेल्या आणि कपड्यांचं गाठोडं घेऊन आल्या. मीच कुलूप लावलं. गाठोड्यात लपवले म्हणाल तर शक्य नाही. मऊ होतं, माझ्या हातातच दिलं त्यांनी क्षणभर, चप्पल घालायला. आणि अण्णा, स्वतःचाच सिनेमा कुणी चोरतं का?"

ते तर खरंच होतं. ज्याचं गेलं त्यालाच चोर कोण म्हणेल?

मग उरली खिडकी. परशूअण्णा खानावळीत गेला, एक पितळी ताट काखेत मारून टाकीमागं आला. झडप मोडलेली होती खरी, पण मोड जुनी होती, लाकूड काळं पडलेलं. आतून उभे-आडवे लोखंडी गज होते. त्यानं ताट सरळ घालून पाहिलं, तिरपं घालून पाहिलं, उभं करून पाहिलं. ते कसंही केलं तरी गजांना अडकत होतं.

"काय चाललंय?" मागून फौजदारानं विचारलं.

"डबा या ताटाएवढा होता. तुम्ही डबे पाहिले होते का?"

फौजदाराचा चेहरा जरा उतरला. "नाही. मला वाटलं, पानाच्या डब्याएवढे असतील."

"मग ते इथून गेलेले नाहीत. कुलूप शाबूत आहे. दारातून बाहेर आलं ते फक्त एक मऊ गाठोडं."

"अय्यो," फौजदार म्हणाला. "मग गेले कुठनं?"

४

डोक्याला ताण देत परशूअण्णा खानावळीत परतला आणि दारातच थबकला. मागच्या अंगणात खानावळीत कामाला असलेली यमुना मसाला वाटत होती. रोज वाटते तसाच, पाट्यावर वाकून. फक्त तिच्या अंगात मखमलीचा निळा कोट होता आणि त्याच्या गळ्याभोवती कसल्याशा जनावराची पांढरी लव होती. गळ्यावरून घाम ओघळत होता, पण कोट काढायला ती तयार नव्हती.

"हे काय सोंग?"

"सोंग कशाला? केशरअक्कानं दिलाय." यमुना मान ताठ करून म्हणाली. "पहाटे नळावर गेल्तो आमी पान्याला, तवा वाटत हुती. शेजारच्या सुशीलेला तर असला झगा मिळालाय, पायापतूर! म्हटलं, अक्का, तुला नगं व्हय? तर म्हनाली, आता काय करायचंत."

परशूअण्णा हसला. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच. पण हसता हसता त्याच्या मनात काहीतरी खुपलं, आणि काय खुपलं ते कळेना म्हणून तो चिडला. तसाच तरातरा राखणदाराच्या दगडाकडं गेला.

ओल्या मातीत दोन गुडघे रुतल्याच्या खुणा होत्या. लखूच्या नव्हेत. तो बसला होता त्याची उकिडवी पावलं बाजूला वेगळी दिसत होती. परशूअण्णा त्या खुणांकडं बघत राहिला. मग त्यानं धोतर वर खोचलं आणि त्याच खळग्यांत आपले गुडघे टेकले.

टेकले मात्र, आणि त्याच्या अंगावर काटा आला.

दगड त्याच्या समोर नव्हताच. तो डाव्या हाताला होता. समोर होता रिकामा फलाट. नारळ मागं, पानं दोन्ही अंगांना, तांदूळ पुढं, सगळं असं मांडलेलं की फलाटावर उभ्या माणसाला एकूण एक वस्तू दिसावी. देवाला मिळाला होता नुसता खांदा. पूजा करणारा माणूस देवाकडं तोंड करून बसतो. त्याची पाठ कुणाला दिसते याची त्याला फिकीर नसते. आणि इथं बसलेल्या माणसाला आयुष्यभर एकच शिकवण होती, की काही झालं तरी प्रेक्षकाला पाठ दाखवायची नाही. मग प्रेक्षक असो की रिकामा फलाट असो.

स्वतः परशूअण्णा घरी देवपूजा अशीच करायचा. बायको म्हणायची, देवावर कशाला रुसून बसता?

"नाटकातलं माणूस," तो उठत म्हणाला. शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या फौजदाराला त्यानं सगळं सांगितलं.

फौजदारानं खाली वाकून खुणा पाहिल्या. "मान्य. मग इथं नाटकातली माणसं तिघं. पुंडलिकराव—"

"त्यांना पाटावर बसता येत नाही. माझ्या खानावळीत ते खुर्चीवर जेवतात. गुडघे टेकले असते तर अजून इथंच असते."

"दुसरे तुम्ही."

"मी पहाटे चुलीपुढं होतो, दहा जणांनी चहा प्यालाय."

फौजदारानं तिसरं बोट वर केलं. आता परशूअण्णाला कळलं होतं, मघाशी काय खुपलं ते. परदेशातून आणलेले, जपून ठेवलेले कपडे बाई पहाटे नळावर वाटून टाकते. ट्रंक रिकामी करते. कशासाठी? काहीतरी भरायला.

डबे खोलीबाहेर गेलेच नव्हते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! रिकाम्या खोक्याशेजारी ती ट्रंक सकाळपासून उभी होती. तिच्यावर खडूची फुली होती, आणि एकदा फुली पडलेला नग कॅसलरॉकला पुन्हा कुणी उघडत नाही.

"मला थोडा वेळ द्या साहेब," तो म्हणाला.

५

बायकांच्या वेटिंगरूममध्ये केशर खिडकी ते दार, दार ते खिडकी अशी चालत होती. परशूअण्णाला पाहून ती थांबली. त्यानं काही न विचारता सांगायला सुरुवात केली. ताट, कोट, गुडघे, ट्रंक.

"पण का?" शेवटी त्यानं विचारलं. "चौदा वर्षं झाली, मी तुझ्या नावानं बोटं मोडतोय. तू पडावीस म्हणून देवाला नवस बोललोय. आज तू माझ्या हातात आहेस आणि मला जराही आनंद होत नाहीये, याचाच राग येतोय मला. सांग, का?"

केशर बाकावर बसली. बसली ती पहिल्यांदाच.

"लंडनला मी दासी व्हायचे, नर्तकी व्हायचे, राजाला वारा घालायचे. वर्षानुवर्षं तेच. मग बर्लिनला त्यांनी विचारलं, तुझ्या गावचं काही दाखव. मला इतका आनंद झाला, अण्णा! कुणीतरी विचारलं म्हणून. आयेचं जुनं लुगडं होतं माझ्यापाशी. ते खांद्यावर गाठ मारून नेसले. आमच्या बाया राखणदाराला कशा नमस्कार करतात, पेरणीला काय गातात, कशा चालतात, सगळं करून दाखवलं. ते टाळ्या वाजवत होते. आणि मग त्यांनी त्याची गोष्ट केली."

"कसली?"

"रानातली चेटकीण. दगडाला तान्हं लेकरू कापून वाहणारी. शेवटी गोरा साहेब येतो, लेकराला सोडवतो आणि गाव पेटवून देतो." तिनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. "चेटकीण मी, अण्णा. आयेच्या लुगड्यात, आयेच्या चालीनं. तिकडच्या वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं मला. मीही नाचले. मग पुंडलिकरावांनी फिल्म विकत घेतली आणि कळवलं, पहिला खेळ तुझ्याच माणसांसाठी. बोटीवर मला झोप म्हणून आली नाही. काल आये भेटली. म्हणाली, समद्या दिग्गीला घेऊन आलेय, माजी लेक बगाय."

"म्हणून डबे ट्रंकेत. पुढं काय करणार होतीस?"

"कुठल्याशा पुलावरून नदीत."

"आणि राखणदाराचं नाटक?"

"नाटक नव्हतं ते!" ती एकदम गावच्या बोलीवर आली. "आमच्यात देवाला वाहिलं की त्येची चौकशी कोन करत न्हाई. गेलं म्हंजी गेलं. मानूस कोन हुडकत न्हाई. मला वाटलं, समदे म्हनतील, राखणदारानं ठिवून घेतलं. लखूवर येईल ह्ये डोक्यातच न्हाई आलं माज्या."

परशूअण्णानं कपाळाला हात लावला. तिचं म्हणणं खरं होतं. दिग्गीत तसंच झालं असतं. पण सुप्याच्या फौजदाराला राखणदारावर गुन्हा कसा दाखल करता येणार? इतकं जग फिरून ही बाई पहाटे त्या दगडापाशी पुन्हा दिग्गीची पोर झाली होती, आणि दिग्गीची होताना फलाटाकडं तोंड करून बसली होती. दोन्हीकडची सवय एकदमच नडली.

"त्यानं तुला पाहिलंय," तो म्हणाला. "म्हणून गप्प आहे. तुरुंगात जाईन म्हणतो."

केशरनं डोळे मिटले.

"मी तोंड उघडलं नाही, तर लखू जातो. उघडलं तर पुंडलिकराव आज दुपारीच खेळ लावतात आणि पुतळी पुढं बसून बघते. मला तिसरी वाट दिसत नाही केशर. तुला दिसत असेल तर सांग, मी तीच धरतो. खरंच सांगतो."

बाहेर फौजदाराची बैलगाडी जुंपल्याचा आवाज आला. केशर उठली आणि दाराबाहेर पडली. परशूअण्णाला वाटलं, ती पुन्हा येरझारा घालणार.

ती सरळ टाकीकडं चालू लागली.

६

ट्रंक तिनं सगळ्यांसमोर स्वतः उघडली. एकावर एक सात डबे. तुकाराम कारकून खडूच्या फुलीकडं असा बघत होता, जणू तिनंच दगा दिला. फौजदारानं लखूला सोडून दिलं, आणि पुंडलिकरावांना विचारलं, बाईंवर तक्रार द्यायची का?

पुंडलिकराव धंद्याचे पक्के. डबे मिळाल्याबरोबर त्यांचा राग विरघळला. "तक्रार? खेळाच्या दिवशी? छे!" ते म्हणाले. "बाई, हे असं का केलंत?"

"खेळ झाल्यावर विचारा," केशर म्हणाली. "पडद्यावरची अक्षरं जर्मन आहेत. माणसांना वाचून कोण दाखवणार?"

"मी उभा राहणार होतो."

"मी राहते."

शेडची दारं लागली. अंधार झाला. हातानं फिरवायचं यंत्र खडखडू लागलं आणि पडद्यावर उजेड पडला. पुढं जमिनीवर पुतळी बसली होती, तिच्यामागं दिग्गीची सगळी माणसं. परशूअण्णा भिंतीला टेकून उभा होता. त्याचं काळीज स्वतःच्या पहिल्या प्रवेशाला धडधडलं नव्हतं तेवढं आज धडधडत होतं.

खांद्यावर गाठ मारलेली केशर पडद्यावर आली, तसा शेडमध्ये कौतुकाचा गलका झाला. "आगं, आपलं लुगडं!" कुणी बाई ओरडली. पडद्याशेजारी उभी असलेली खरी केशर मोठ्यानं म्हणाली, "व्हय. माज्या आयेचं हाय ते. हितनं फुडं जे दिसंल ते आपलं न्हाई. आपल्यात असलं कंदी झालं न्हाई. त्यांनी मागितलं आन् म्या दिलं. त्येला जबाबदार म्या हाय."

ती प्रत्येक प्रवेशाला बोलत राहिली. दगड आला, मंत्र आले, दगडावर तान्हं लेकरू आलं, सुरी आली. एकही गोष्ट तिनं गाळली नाही आणि एकही गोड केली नाही. मागं कुजबुज सुरू झाली, मग शिव्या. एक म्हातारा उठला, थुंकला आणि दार ढकलून बाहेर गेला. त्याच्यामागं आणखी माणसं गेली. साहेबानं गाव पेटवलं तेव्हा शेड निम्मी रिकामी होती. लखू दाराशी उभा होता, आतही नाही आणि बाहेरही नाही.

यंत्र थांबलं. पुंडलिकराव दाराकडं बघत होते. माणसं उठून जाताना त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिली होती. केशर पडद्यापासून हलली नाही. ती आईकडं बघत होती, आणि आता आई काय बोलेल त्यासाठी तिनं सगळं अंग आवळून धरलं होतं. परशूअण्णाला वाटलं, म्हातारी लुगड्याबद्दल बोलेल. देवाबद्दल बोलेल. तोंड काळं कर म्हणेल.

पुतळी अजून त्या कोऱ्या पडद्याकडं बघत बसली होती.

"ते लेकरू कुनाचं गं?" तिनं विचारलं.

"तिकडच्याच एका बाईचं, आये. दिवसापुरतं आनलं हुतं."

"लई रडत हुतं. तोंडाकडं बगूनच कळत हुतं. उगडंच ठेवलं त्येला त्या दगडावर." पुतळीनं वर बघितलं. "त्यांचं काम झाल्यावर तू उचलून घेतलंस न्हवं त्येला?"

गावोगावच्या रंगभूमीवर कधी अडली नव्हती ती बाई त्या शेडमध्ये शब्दाला अडली.

"न्हाई, आये," ती म्हणाली. "म्या इचारत हुते, माजा चेहरा उजेडात नीट आला का म्हून."